वीतभर दोरी

९ फेब्रुवारी १९३९, गुरुवार

यंत्राची पहिली चाचणी. शाळेमागच्या मैदानात, साडेचारला.

लांब दांडा, एका टोकाला विटांची पेटी, दुसऱ्याला दोरीची गोफण. खिट्टी ओढली की पेटी खाली आदळायची, दांडा उसळायचा, दगड पुढे जायचा. गेला मागे. हेडमास्तरांच्या गाईच्या गव्हाणीत पडला. गाय शांत होती, हेडमास्तर नव्हते.

पारोळ्याचा किल्ला पाहून आल्यापासून इंग्रजी सहावीची पोरं मागे लागली होती, तोफा नव्हत्या तेव्हा तट कसे पाडायचे? मी ड्रॉइंग आणि हातकाम शिकवतो, इतिहास नव्हे. तरी इंग्रजी पुस्तकातलं चित्र मोठं करून दिलं. तिथून हे लचांड.

११ फेब्रु., शनिवार

दगड मागे का गेला यावर नथूशी वाद. नथू म्हणजे सहावीतला सगळ्यात थोराड मुलगा, बापाची ज्वारी राखत वाढलेला. त्याच्या गोफणीतून पाखरू सुटत नाही म्हणतात. यंत्राची दोरी त्यानेच वळली आहे, अंबाडीची, मधे एक लाल पदर. त्याचं म्हणणं, गोफण आखूड आहे, म्हणून दगड लवकर सुटतो. माझं म्हणणं, दांड्याच्या टोकाचा, दोरी अडकवायचा खिळा वाकडा आहे. शेवटी खिळाही सरळ केला आणि दोरीही वाढवली. दगड पुढे गेला, नव्वद हात.

श्रेय मी खिळ्याला दिलं. नथू हसला फक्त.

१३ मार्च, सोमवार

एकशेतीस हात. हे. मा. स्वतः येऊन बघून गेले. जूनमध्ये जळगावहून इन्स्पेक्टरसाहेब येतील त्यांना दाखवायचं म्हणाले. जाता जाता, "तुमचंही कायमचं बघू तेव्हा." दोन वर्षं हंगामी आहे मी. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पोरांना एकशेतीस पुरत नाहीत. एकशेसाठच हवेत. दीडशे का नको विचारलं तर एकमेकांकडे बघतात.

२ एप्रिल, रविवार

संध्याकाळी बोरी नदीवर फिरायला गेलो. पात्रात वाळू, मधे गुडघाभर पाणी. नथू आणि चौघे उताराजवळ दोरी धरून या काठापासून त्या काठापर्यंत मोजत होते. मला बघून दोरी गुंडाळली.

मी परत येताना पावलांनी मोजलं. एकशेसाठ हात, एखादा इकडेतिकडे.

म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. आखाजीला आमचं गाव या काठावर, पलीकडचं त्या काठावर. माहेरी आलेल्या लेकी झोके खेळणार, पलीकडच्यांना गाण्यांतून शिव्या घालणार आणि पोरं दगड फेकणार. हे आजोबांच्या आधीपासूनचं. माझ्या डाव्या भुवईवरची खूण त्यातलीच. पण हातानं फेकलेला दगड वेगळा. यंत्राचा दगड तीन शेराचा आहे.

१७ एप्रिल, सोमवार

अक्का आली आज, आखाजीसाठी. थोरली बहीण, दिली आहे पलीकडच्याच गावात. दर वर्षी या काठावर उभी राहून आपल्याच सासूला शिव्या घालते. वर्षभराचं उसनं फेडते म्हणते. मुलाला, दिनूला, का आणलं नाहीस, विचारलं. तो आता बारा वर्षांचा, त्याला त्या काठावर उभं राहायचंय म्हणे. मामाविरुद्ध.

 

१८ एप्रिल, मंगळवार

नथूला वर्गात एकटा गाठलं. त्यानं लपवलं नाही. म्हणाला, "गुरुजी, एकच दगड. त्यास्ना डोकावरथीन जाई. कोन्हाले लागस नही."

डोक्यावरून जाईल याची हमी कोण देणार? तू? तो म्हणाला, हो. सरळ माझ्याकडे बघून.

हे. मा. ना सांगावं तर यंत्राचं जळण होईल. पोरांची तीन महिन्यांची मेहनत जाईल आणि जूनमधलं माझंही. न सांगावं तर दिनूचं डोकं. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, फळ्यावर मांडतात तशा. उत्तर आलं नाही.

२१ एप्रिल, शुक्रवार

उत्तर सापडलं. दुपारी शाळेत कोणी नव्हतं. यंत्र ठेवलेल्या शेडमध्ये जाऊन गोफणीची दोरी वीतभर कापली. नथू बांधतो तशीच गाठ परत मारली. गेल्या आठवड्यात फेक एकशेसाठ भरली होती, ती तीसचाळीस हातांनी कमी होईल असा हिशेब. दगड पाण्यात पडेल, पोरांना वाटेल चुकलं. कोणाचं काही जाणार नाही.

कापलेला तुकडा चांगला होता. यंत्राच्या नकाशांची गुंडाळी त्यानंच बांधली.

२२ एप्रिल, शनिवार. आखाजी

जसं घडलं तसं लिहितो.

यंत्र सकाळीच बैलगाडीतून काठावर आणलं होतं. शाळेच्या शिपायाला माहीत होतं, तो गावातलाच. मागे वीसेक हातांवर मोठा निंब, त्याला झोके, तिथं बायका. अक्काचा आवाज सगळ्यांत वर. पलीकडे गर्दी, त्यात दिनू दिसला, पांढरी टोपी. मी निवांत होतो. कौतुकानंच बघत होतो म्हणा ना.

नथूनं खिट्टी ओढली. दगड सरळ वर गेला, बारीक झाला, मग मागे आला. निंबाची फांदी मोडली. तिच्यावर अक्काचा झोका होता.

नथूचं म्हणणं खरं होतं. फेब्रुवारीपासून खरं होतं. दोरीच.

मनगट मोडलं आहे, उजवं. दोन्ही काठांवर एकदम सगळं थांबलं. दिनू पाण्यातून धावत आला, तो पहिला. अक्का पांढरीफटक पडली होती, पण जीभ शाबूत. म्हणाली, "बापू, सासरच्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते माहेरानं केलं."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की लाज वाटते.

२५ एप्रिल, मंगळवार

करायला गेलो गणपती, झाला मारुती. बरं, मारुतीचा बाप कोण हे मला एकट्यालाच ठाऊक.

हे. मा. नी पोरांची चौकशी केली. यंत्र हलवायचं कोणाच्या डोक्यातून आलं? नथूच्या. गोफण कोणाची? नथूची. गाठ? नथूची. म्हणजे चूक नथूची. दाखला देऊन काढून टाकायचं असं ठरतंय. पुढच्या वर्षी सातवी, म्हणजे मॅट्रिक त्याचं. मधेच असा दाखला हातात आला तर दुसऱ्या शाळेत कोण घेणार? जिनात कापसाचे गठ्ठे उचलेल.

मला कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण दुसरी लिहिताना टाक अडला.

३० एप्रिल, रविवार

नथू घरी आला. शाळेची पटाशी त्याच्याकडे राहिली होती, ती परत द्यायला. आधी आत जाऊन अक्काच्या पाया पडला. अक्कानं डाव्या हातानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि लाडू दिला.

मग माझ्या टेबलापाशी उभा राहिला. नकाशांची गुंडाळी समोरच होती. बघत राहिला. दोरी सोडली, लाल पदर बोटांनी चाचपला, पंजा पसरून मोजली. वीतभर.

"गुरुजी, हाऊ दोर आमना शे."

हो म्हणालो. आणखी काय म्हणणार.

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "माले इचारतात ते मीच लांबवी देतू, मोठ्ठा दगड घेतू नही." दोर लांबवला की दगड उशिरा सुटतो, खालून जाऊन पाण्यातच पडतो. म्हणजे मी नुसतं सांगायचं होतं, त्याच्याशी नीट बोलायचं होतं. हमी देत होता तेव्हा मी त्याला पोरगं समजलो.

जाताना गुंडाळी परत बांधून ठेवली. "मी कोन्हाले सांगस नही," म्हणाला. जळता निखारा हातावर ठेवला असता तरी इतकं भाजलं नसतं.

३ मे, बुधवार

हे. मा. चा निरोप. उद्या चारला संस्थेची सभा. नथूचा दाखला आणि माझं कायम होणं, दोन्ही विषय एकाच कागदावर. वर लिहिलंय, यंत्राचे नकाशे घेऊन यावे, इन्स्पेक्टरसाहेबांकडे पाठवायचे आहेत.

अक्काला सगळं सांगितलं. तिला राग येईल वाटलं होतं. ती म्हणाली, मनगट जुळतं. आणि दिनूला हाक मारायला उठली.

४ मे, गुरुवार

साडेतीन. कोट घातला आहे. गुंडाळीची दोरी काढून साधी सुतळी बांधावी म्हणून दोनदा हात गेला. काढली नाही. गाठ नथूची आहे, लाल पदर वरच्या बाजूला, सहज दिसेल असा.

टेबलावर ठेवीन. कोणी विचारलं तर सांगणं सोपं आहे. न विचारलं तर