बुडबुड्यांचा पडदा आणि माझं शून्य

सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी ७.२०
नवी वही, नवी नोकरी. रिटायर झाला म्हणून माणूस संपत नाही, हे आता या गावाला कळेल.

बंदराचा धक्का वाढवतायत. लोखंडी खांब समुद्राच्या तळात ठोकायचे आहेत. तो आवाज पाण्यात मैलोनमैल जातो आणि पॉर्पॉइजचे कान कायमचे निकामी होतात. (पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनचा चुलतभाऊ, पण बुटका आणि लाजाळू.) म्हणून मी. पद: सागरी सस्तन प्राणी निरीक्षक. दोन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, पिवळी टोपी. रोज हातोडा सुरू व्हायच्या आधी अर्धा तास पाण्यावर नजर ठेवायची. पाचशे मीटरच्या आत प्राणी दिसला की मी ‘थांबा’ म्हणणार आणि सगळं थांबणार. मुकादम प्रेबेनला हे दोनदा समजावलं. तो म्हणाला, कळलं रे बाबा टोर्किल, पहिल्यांदाच कळलं होतं.

शिवाय बंदराच्या तोंडाशी काल बुडबुड्यांचा पडदा सुरू केला. तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्यात कॉम्प्रेसरची हवा. आवाज बाहेर जात नाही आणि प्राणी बुडबुडे ओलांडून आत येत नाहीत. जागा मीच ठरवली. फुलप्रूफ.

आज नुसता सराव. पॉर्पॉइज: ०.
संकल्प: कॉफी दिवसाला तीनच कप.

मंगळवार, १६ सप्टेंबर
हातोडा सुरू. माझी केबिन धक्क्याच्या अगदी टोकाला. मागून, बंदराच्या बाजूने वारा येत होता, म्हणून तिकडची खिडकी फळी ठोकून बंद केली. आता समोर फक्त समुद्र. एकाग्रता वाढली. पॉर्पॉइज: ०.

बिर्टे, म्हणजे आमची बायको, रोज सव्वासातला बंदरातल्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरते. सोबत तिच्या मैत्रिणी, एल्सेबेट आणि रिग्मोर. बारा महिने, बर्फ असला तरी. जेवताना म्हणाली की आज अगदी शेजारी कोणीतरी ‘फूस’ करून श्वास सोडला. मी म्हणालो, रिग्मोरला दमा आहे. ती म्हणाली, रिग्मोर आज आलीच नव्हती.

कॉफी पाच. वारा फार होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर
या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक फळा आहे. त्यावर रोज पाण्याचं तापमान लिहितात. आज लिहिलं होतं: ‘पाणी १५ अंश. पॉर्पॉइज, आई आणि पिल्लू, बंदरात.’ ना कोर्स, ना टोपी! उद्या कोणीही उठेल आणि निरीक्षण करेल. अफवा पसरू नये म्हणून बाहीने पुसून टाकलं. स्वेटर खराब झाला.

रजिस्टर: ०. रजिस्टरवर सही असते, फळ्यावर नसते.

सोमवार, २२ सप्टेंबर
फळ्यावर परत तेच. या वेळी ऑइल पेंटने.

बिर्टे आज भडकली. म्हणाली, हातोडा पडायला लागला की ते पिल्लू वरच पडून राहतं, बुडी मारत नाही. आई त्याला घेऊन बंदराच्या तोंडापर्यंत जाते, बुडबुडे बघते, परत फिरते. पुन्हा जाते, पुन्हा फिरते. कोंडलंयस तू त्यांना. मी शांतपणे सांगितलं की पडदा प्राण्यांना बाहेर ठेवण्यासाठी असतो. ती म्हणाली, अरे पण जे आधीच आत होते त्यांचं काय? हे कोर्समध्ये नव्हतं.

मग तिने उगाच जुनं उकरून काढलं. एकतीस वर्षं मी ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली. आरशात मागे बघितलं नाही म्हणून अर्धं गाव नापास केलं. एल्सेबेटला चार वेळा. त्याचा इथे काय संबंध?

मंगळवार, २३ सप्टेंबर. ७.४०
केबिनमागे लघवीला गेलो. (कॉफी.) बंदराच्या पाण्यात दोन काळ्या वस्तू. एक मोठी, तिला चिकटून एक छोटी. बहुधा टायर.
७.५०. टायर श्वास सोडत नाहीत, हे मान्य. पण उजेड कमी होता.
७.५५. ‘थांबा’ म्हटलं तर प्रेबेन विचारणार, कधीपासून आहेत? आणि रजिस्टरात सहा शून्यं, सहाही माझ्या सहीनिशी.
८.००. हातोडा सुरू. पॉर्पॉइज: ०. टायर: २.

बुधवार, २४ सप्टेंबर
प्रत्येक ठोका कानशिलात बसतोय. समोर रिकामा समुद्र, मागे फळी. फळी मीच ठोकलेली. जीव गुदमरतो इथे. त्या छोट्या टायरचं काय होत असेल?

बिर्टे अजून भडकलेलीच. डब्यात नुसता काळा पाव. हेरिंग मासा नाही.

संकल्प: प्रेबेनला सांगायचं. शुक्रवारी. शुक्रवारी साइटवर सगळ्यांचा एकत्र नाश्ता असतो, माणसं खुशीत असतात. शुक्रवारी नक्की.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. ७.५०
तिघी पाण्यातून बाहेर येईनात. प्रेबेन ओरडला, बायांनो, निघा आता, आठला हातोडा आहे. बिर्टे खालून म्हणाली, टोर्किल, लिही. सस्तन प्राणी, तीन. पाचशे मीटरच्या आत. एल्सेबेट म्हणाली, चार पोरांना पाजलंय मी, सर्टिफिकेट आणू का? नाश्त्याची माणसं पाव हातात धरून हसत होती. प्रेबेन हसला नाही. म्हणाला, निरीक्षक तू आहेस. बोल.

पाणी चौदा अंश. बिर्टेचे ओठ निळे पडले होते.

मी ‘थांबा’ म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं: टायर, शून्यं, पुसलेला फळा. प्रेबेन गेला आणि कॉम्प्रेसर बंद करून आला. म्हणाला, अरे माणसा, पहिल्या दिवशी बोलला असतास तर पहिल्याच दिवशी बंद केला असता.

८.१०. बुडबुडे विरले. फळी उचकटून काढली, खुर्ची बंदराकडे फिरवली. या वेळी पापणीही हलवणार नाही.
८.२५. पाठीमागे ‘फूस’. लगेच एक बारीक ‘फूस’. धक्क्यावर टाळ्या, शिट्ट्या. खुर्चीसकट वळेपर्यंत समुद्रावर नुसती वलयं.
८.४०. बिर्टे टॉवेल गुंडाळून आली, कुडकुडत होती आणि रडतही होती. म्हणाली, पाहिलंस ना रे, कसं आईला बिलगून गेलं? मी म्हणालो, नाही.
९.००. रजिस्टरात एक रकाना आहे, ‘निरीक्षकाने स्वतः पाहिलेले’. ० लिहिलं. सही केली.
दुपारी २. प्रेबेन एका जुन्या ट्रकचा आरसा घेऊन आला. माझी खुर्ची परत समुद्राकडे फिरवली, तिला तो तारेने बांधला आणि कामाला गेला. बसवलाय मात्र नीट. मागचं बंदर स्वच्छ दिसतं. रिकामं आहे.