आईने न घातलेला टाका

ती. किसाकोताईस,

तोकुजीचा वाकून नमस्कार. तुमच्या सेंदाईत प्लमची झाडे फुलली असतील. इकडे हिरोसाकीत छपरावरचा बर्फ अजून हटायला तयार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे विचारू नकोस.)

ताई, धाकट्याच्या अर्धवट कामांनी तू आणि मी जन्मभर गांजलो. अर्धे शिक्षण, अर्धी नोकरी, अर्धे रंगवलेले कुंपण. शेवटी नोबुहिरो चित्रकार झाला. आता चार वर्षे खपून त्याने भिंतभर चित्र काढले आहे: निळ्यावर पांढरी, तागाच्या पानांची नक्षी. आई बाळांच्या दुपट्यांवर घालायची तीच, पानाला पान चिकटून, तीन हजारांवर पाने. आमच्या वस्तीच्या सभागृहात ते मांडले. उद्घाटनाचे भाषण अर्थातच माझे.

सकाळीच जाऊन मी चित्र तपासले (वस्तीच्या अध्यक्षाचे ते कामच आहे). खाली उजव्या कोपऱ्यात एका पानाला एक रेघ कमी. खिशात सफरचंदांच्या खोक्यांवर नावे घालायचा पांढरा मार्कर होता. रेघ ओढली. ती जाड आली, म्हणून शेजारची जाड केली. मग तिची शेजारीण बारीक दिसू लागली. न्याय सर्वांना सारखा हवा, ही माझी आयुष्यभराची निष्ठा तू जाणतेस. तासाभरात अख्ख्या कोपऱ्यात समता नांदू लागली.

उद्घाटनाला मी चाळीस मिनिटे बोललो. अर्धवटपणा ही या देशाला लागलेली कीड आहे आणि हे चित्र तिच्यावरचा उतारा आहे, असे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. नोबुहिरो मात्र कोपऱ्यापाशी उभा.

"दादा, इथे हात कुणी लावला?"

"मी. एक रेघ राहिली होती तुझी. नेहमीसारखी."

"माझी नाही, आईची राहिली होती."

त्याच्या लेकीच्या, मिओच्या जन्माआधी आई दुपटे शिवत होती, आठवते? नक्षी पुरी व्हायच्या आत ती गेली. तिची सुई थांबली तिथेच याचा कुंचला थांबला होता. तीन हजार पाने त्या एका रिकाम्या जागेसाठी. ताई, चाळीस वर्षे सभा गाजवणाऱ्या तुझ्या भावाने खिशातला मार्कर काढून त्याच्या हातात ठेवला.

तो रागावलाही नाही. "कोपरा पुन्हा रंगवीन," म्हणाला, "पण आठवणीतून नाही. आठवणीतून काढली तर ती जागा माझी होईल. दुपटे समोर हवे."

एकवीस तारखेला मिओ पदवी घेऊन घरी येते. चित्र तिच्यासाठी आहे.

तुझा,
तोकुजी

ता. क. दुपटे तुझ्या कपाटात आहे. पत्र त्यासाठीच.

ता. क. २. तू शिवणकामात जन्म घालवलास. अपुरी शिवण तुलाही माझ्याइतकीच बघवत नाही. तो टाका तू पुरा केला असलास तरी पाठव. तुझा टाका आईच्यापेक्षा घट्ट असतो, आम्ही ओळखू. केला नसलास, तर हातातली सुई खाली ठेव आणि दुपटे आहे तसे उद्याच्या पार्सलने पाठव.