पहिलं उत्तर ओतून द्यायचं

प्रिय शूताई,

लिहीन लिहीन म्हणत हे पत्र मी टाळत आलो. आळस होताच, तो कधी नसतो! पण खरं कारण वेगळं. कागदावर लिहिलं असतं तर ते तुमच्या मालीश-केंद्राच्या छाओबाईंनी वाचून दाखवलं असतं, पालथ्या पडलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. मागच्या पत्रात शेन्झेनच्या जेवणात मिरची नसते एवढंच लिहिलं होतं, तर आपल्या तिखटखाऊ हुनानात, सगळ्या हेंगयांगमध्ये ‘आलुओ ताटावर बसून रडतो’ अशी ख्याती झाली. फोनवर बोलावं, तर माझ्या नुसत्या ‘ताई’वरून तू ओळखतेस की तू दुरुस्तीला पाठवलेलं ब्रेल वाचायचं यंत्र अजून बंदच आहे. म्हणून तुझे निरोप नुसतेच ऐकत राहिलो.

परवाचा निरोप मात्र ऐकवेना. “यंत्र जमत नसेल तर दे फेकून. मी परीक्षेतून नाव काढून घेते. इस्पितळातली नोकरी मिळाली नाही म्हणून कोणी मरत नाही. तू एकदा येऊन जेवून जा.” किती शांतपणे बोललीस! तू चिडलीस की भांडी आपटतेस. शांत होतेस ती हात टेकल्यावर.

इथे माझी बसायची जागा म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातल्या चौथ्या मजल्यावरचा पांग उस्तादांचा गाळा, तुमच्या मालिशच्या पलंगाएवढाच रुंद. त्यातला अर्धा त्यांच्या चहाच्या तबकाने अडवलेला. उस्ताद छाओचौचे, म्हणजे जन्माचे चहावेडे. सोल्डरिंगचा धूर आणि चहाची वाफ, दोन्ही एकाच वेळी नाकात गेल्याशिवाय त्यांना काम सुचत नाही. मला ठेवून घेतलं तेव्हा म्हणाले, “शिकलायस काय?” म्हटलं, थोडं थोडं सगळंच. म्हणाले, “म्हणजे काहीच नाही. बस.” या माणसाची एक गंमत आहे, इस्त्री दुरुस्त करतानाही तिच्याशी भांडतो... जाऊ दे, ते पुन्हा कधी. तुझ्या यंत्राकडे येतो.

तुला एवढंच ठाऊक की बोटांखाली ठिपक्यांची ओळ उठते, मग दुसरी उठते, आणि पानभर गेलं की ठिपक्यांच्या टाचण्या आहेत तिथेच गोठतात. मग वायर काढा, पुन्हा लावा, पुन्हा पहिल्यापासून. मला आधी वाटलं वायरच खराब. ती बदलली. मग यूएसबीचं तोंड बदललं. मग उस्तादांना न विचारता त्यांच्या संगणकाचंही तोंड बदललं, त्यावर जे ऐकलं ते छाओबाईंनाही वाचून दाखवता आलं नसतं. दोष निघाला यंत्राच्या पोटात, त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपवर कायमच्या कोरलेल्या सूचनांमध्ये. तू एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचार करत बसलीस की ते डुलकी घेतं. पुढची ओळ आली की दचकून उठतं आणि मघाचंच शिळं उत्तर ठोकून देतं, ‘मिळाली!’ मिळालेली काहीच नसते. संगणक बापडा विश्वास ठेवतो आणि त्यापुढची ओळ पाठवतो. अशा चार डुलक्या झाल्या की ओळींवर ओळी साचतात आणि यंत्राचा घास अडकतो.

बरं, पोटात हात घालावा तर चिपला कुलूप, आणि किल्लीसकट कंपनीच गायब. मी हे उस्तादांना सांगत होतो, आणि बोलता बोलता समोरचा चहाचा कप उचलला. त्यांनी हातावर फटकाच मारला. “हुनानच्या माकडा, ते पानं धुतलेलं पाणी आहे! पहिलं ओतून द्यायचं, दुसरं प्यायचं. इथे येऊन वर्ष झालं, अजून एवढं कळत नाही?” मी तसाच बसून राहिलो, ताई. कप हातात, तोंड उघडं. उस्ताद घाबरले. “लागलं का रे? हळूच मारलं होतं.”

यंत्र सुधारत नाही ना? मग त्याच्याशी बोलणाऱ्यानेच सांभाळून घ्यायचं. संगणकाच्या बाजूला एक दुभाषा असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. त्याला शिकवलं, की ही यंत्रबाई डुलकीतून उठली की तिचं पहिलं उत्तर ऐकून घे, मान डोलाव आणि ओतून दे. दुसऱ्यावर विश्वास ठेव. लिहिलं, उस्तादांच्या संगणकावर लावलं, आणि पान उलटून यंत्र पुढे गेलं! मी गाळ्यातच नाचलो. नाचायला जागा नाही, म्हणून जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी उस्तादांचा आरडाओरडा. त्यांच्या काउंटरवरचं, त्याच संगणकाला जोडलेलं, मालावरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचणारं यंत्र दर गिऱ्हाइकाची पहिली वस्तू गिळायला लागलं होतं. बाहेर पाठवायच्या मालातून एक फोन नोंदीवाचूनच निघून गेला. “पहिलं ओतून द्यायचं ते चहाचं, रताळ्या! माझ्या मालाचं नाही!” झालं होतं असं, की प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, तो सांगूनच ते संगणकात शिरतं. आणि आपल्या या बाजारात नवा क्रमांक घ्यायचे कष्ट कोण घेणार? सगळे एकाच नमुन्यावरून उतरवतात, क्रमांकासकट. तुझं यंत्र आणि उस्तादांचं यंत्र एकच नाव सांगत आत येत होती, आणि मी मारे नावावर भरवसा ठेवलेला.

मग ओळखायचं कसं? मी माझे सगळे बदल पुसून टाकले, आणि आता इथून निघून जावं असं मनात आलं. मला ते नेहमीच येतं. क्वांगचौच्या गाडीची वेळही पाहून ठेवली. तेवढ्यात का कोण जाणे, आपली शाळेची पुस्तकं आठवली. मी तुला वाचून दाखवायचो आणि कंटाळवाणं पान आलं की दोन पानं एकदम उलटायचो. तू लगेच म्हणायचीस, “जाड आवाज आला. मागे जा.” माझ्या लबाडीवरूनच तू मला ओळखायचीस. आता तुझं यंत्रही एक लबाडी करतं. आत शिरताना ‘मला एवढं बोलायचंय’ म्हणून सांगतं आणि त्याच्या निम्मंच बोलून गप्प होतं. उस्तादांचं यंत्र तसं करत नाही. मग दुभाष्याला सांगितलं, क्रमांक बघू नकोस, जी निम्म्यावर गप्प होते तीच आपली. आज सकाळपासून दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालताहेत. उस्ताद दर गिऱ्हाइकामागे माझ्याकडे डोळे वटारून बघतात आणि मग मान हलवतात.

आता हे सगळं एवढं लांबण लावून का लिहिलं ते सांगतो. हे पत्र कागदावर नाहीच. तुझ्यासाठी जुना लॅपटॉप जुळवून ठेवलाय, पत्र त्यात आहे, आणि यंत्र मरायचं ते पानभर गेल्यावर, तेही बोट मध्येच थांबलं तर. मला लांबलचक काहीतरी हवं होतं, जिथे तू हसायला थांबशील, चिडायला थांबशील. माझी बोटं डोळस आहेत, त्यांच्या चाचणीला अर्थ नाही. तुझं बोट इथवर आलं असेल, तर परीक्षेची शरीरशास्त्राची पुस्तकंही अशीच पार होतील, कोणाची वाट न बघता, पानं गाळणाऱ्या भावाचीसुद्धा नाही. मग नाव काढू नकोस. उद्याच्या गाडीने मी लॅपटॉप घेऊन—

थांब. जिन्याकडून काठीचा आवाज येतोय. उस्ताद ओरडले, “ओ बाई, इकडे पायरी आहे!” आणि तुझाच आवाज, “दिसली मला तुमची पायरी. आमचं माकड कुठाय?” ताई, तू? एकटी? हेंगयांगहून? यंत्र परत न्यायला आलीस, की माझा कान धरायला? मी उठत नाही. वायर लावतोय. उस्ताद तुझ्या हातात कप देतील, तो पी, तो दुसरा आहे. मला काही विचारू नकोस, बस आणि पहिल्या ओळीपासून वाच. सही मुद्दाम शेवटी ठेवतोय, एकटीच, नव्या ओळीवर. ते यंत्र नव्या ओळीवरच मरायचं.

तुझाच
आलुओ