दार वाजवू नका, मी आत नाही

बाबा,

दार वाजवू नका, खोलीत मी नाही. मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात अभ्यासाला बसले आहे. तिथे चार मशीन दिवसभर खडखडतात, पण एकही मशीन "झालं का गं?" असं विचारत नाही.

प्रवेश परीक्षा आठवड्यावर आलीये. मागच्या खेपेला थोडक्या गुणांनी कॉलेज हुकलं, ते मला पुन्हा हुकवायचं नाहीये. आणि तुम्ही 'कमी वेळात गुण कसे वाढवावेत' याचे व्हिडिओ दाखवून आहे तोच वेळ खाताय! काल एकच गणित तीनदा सुरू केलं. आधी व्हिडिओ, मग चिरलेलं सफरचंद, मग "दीर्घ श्वास घे". श्वास घेईन हो, तुम्ही डोक्यावरून हललात तर!

कारखाना बंद पडल्यापासून घर तुम्हाला खायला उठतं, हे मला दिसतं. पण म्हणून माझी परीक्षा ही तुमची नोकरी नव्हे.

ओट्यावर तुमचाही डबा भरून ठेवलाय. तो घ्या आणि बाहेर पडा. काम विचारा, जुन्या दोस्तांना गाठा, कुठेही जा. संध्याकाळी दोघंही दमून घरी येऊ.

फक्त मावशीच्या दुकानात येऊ नका.