नागाचा दोष

कंधार, श्रावण

प्रिय इंदू,

केवळाबाई अहमदपूरला निघाली आहे, तिच्या हाती हे देते. वाचून चुलीत घाल. तुझ्या सासूबाईंच्या, म्हणजे एकेकाळी माझ्याही सासूबाईंच्या, नजरेस पडू देऊ नकोस. तुझा संसार राहायचा की मोडायचा, ते यावर आहे.

तू तेव्हा परकरात होतीस. माझ्या कोपरांवर लाल चट्टे उठले, अंथरुणात पांढऱ्या खपल्या पडू लागल्या. सासूबाईंनी ठरवून टाकलं की मी मागल्या जन्मी नाग मारला असणार. मला वारुळावर दूध घालायला लावलं, माझं ताट वेगळं केलं. चट्टे वाढले तसा नागाच्या दोषाचा महारोग झाला. पंचमीला माहेरी म्हणून पाठवलं ते पाठवलंच, न्यायला कोणी आलं नाही. निरोप तेवढा आला, "थोरली लई कात टाकून राहिली, तिला ठिवून घ्या. धाकटी द्या." आणि बापूंनी तुला दिलं. अवधूतरावांनी तोंडातून ब्र काढला नाही. बघ, नाव घेतलं मी त्यांचं. आता कोण अडवणार आहे मला?

परवा नांदेडला डॉक्टर रेवणप्पांनी मला तपासलं. चट्ट्यावर सुई टोचली, मी कळवळून ओरडले, तर म्हणाले, महारोगाच्या चट्ट्याला सुई कळत नाही. इतकी वर्षं मला सगळं कळत होतं इंदू, कोणी साधं टोचूनही पाहिलं नाही! हा सोरायसिस. कुणाला लागत नाही, मुळासकट जातही नाही, पण डांबराच्या मलमानं आणि कोवळ्या उन्हानं दबून राहतो. महारोग नसल्याची त्यांची उर्दू चिठ्ठी बापूंनी वाचली, घडी घालून परत दिली आणि देवळात निघून गेले. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी त्यांना वाढलं नाही.

डॉक्टरांची एक गोष्ट मात्र मी बापूंना सांगितली नाही. हा रोग एका रक्ताच्या माणसांत उतरतो. महानंदाच्या लग्नात पंगतीला वाढताना तू चोळीची बाही सारखी खाली ओढत होतीस. एकदा ती वर सरकली आणि मला दिसलं. खोटं कशाला बोलू, माझ्या जागी बसलेल्या तुझ्या हातावर ते पाहून मला घटकाभर बरं वाटलं. मग रात्रभर रडले. मलमाची डबी केवळाबाईजवळ आहे, लपून लाव. आणि सासरच्यांना दिसलंच तर माझ्यासारखी मुकाट्यानं निघू नकोस, उंबरा धरून बस. बापूंना तिसरी मुलगी नाही, पण काकांची लता लग्नाची झाली आहे.

तुझीच, तुझ्याच रक्ताची,
चंद्राअक्का