घमेल्यातला स्पंज

४ मार्च १९३४, मुरुड
हिराच्या स्पंजाची खरी किंमत : दोन ओहोट्या, डाव्या अंगठ्याचं नख आणि पार्वतीचा अबोला. एवढंच म्हणाली, "पोर गेली, आता तिचे दगड घरात भरा." बायको बरोबर बोलते. पण खडकातल्या त्या डबक्यात तो एकटा राहील, हे मला...
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. होडीवरचा आबू तांडेल हसला. "शेट, जगंल का ह्यो?" म्हटलं, ह्याच गोणपाटातनं शेवंडीसारखी मासळी मुंबईपर्यंत जिवंत पोचवतो मी. अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा दाखव.
घमेल्यात समुद्राचं पाणी घालून ठेवलाय.

५ मार्च
हिरा विषमज्वरानं गेली त्याला आज पंधरा दिवस. कॉलेजच्या सुट्टीत आली तेव्हा डबकं तिनंच दाखवलं. मी म्हटलं, शेवाळ. "शेवाळ नव्हे बाबा, प्राणी आहे. तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही. अंगभर बारीक भोकं. तिथून पाणी आत, वरच्या मोठ्या भोकातून बाहेर." कपड्यांची नीळ कालवून त्याच्या कडेला सोडली. जरा वेळानं वरून निळा धूर. म्हटलं, विडी ओढतोय लेकाचा. किती हसली.

६ मार्च
पाणी बदलायला निघालो, तर पार्वतीनं कळशी काढून घेतली. स्वतः समुद्रावर गेली. हिरा गेल्यापासून पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर.
आल्यावर विचारते, "ह्याला पोरं होतात का हो?" हिरानं सांगितलेलं सांगितलं. पिल्लू एखाद दिवस पोहतं, मग खडकाला चिकटतं ते जन्मभर.
"आपल्या पोरीचं उलटं. चिकटून होती, ती पोहायला निघाली." मग रडली. इतके दिवस रडलीच नव्हती.

८ मार्च
आबू : "वास मारतोय शेट."
पार्वती : "सुक्या मासळीच्या घरात तुला ह्याचाच वास आला होय रे!"
आज दोन्ही वेळा जेवली.

९ मार्च
हिराची वही इंग्रजीत. शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतली. स्पंजांच्या जाती रंगरूपावरून नाही, अंगातल्या सुयांवरून ठरतात. चुन्याच्या सुया, काचेच्या सुया. मी मासळी निवडतो तसं इथे चालत नाही.
एका पानावर दोन रेघा मारलेल्या. 'हवेत काढू नये. नळ्यांत हवा अडकते, मरतो. भांडं पाण्यातच बुडवून उचलावा.' खाली मराठीत, ते माझं मीच वाचलं : 'बाबांना बजावणे, गोणपाट नको.'
मास्तर म्हणाले, "तुम्ही कसा आणलात?" मी चहा मागितला.

१० मार्च
पार्वती पाण्याला गेली तेवढ्यात नीळ सोडली. वरून धूर निघायची वाट बघत बसलो.
तिची पावलं वाळूत लांबूनच ऐकू आली. भरभर, पूर्वीसारखी. दारातूनच, "कसाय तो?"
मी तिच्या हातची कळशी घेतली.
नीळ सगळी तळाशी बसलीय.