आर्विडची चिनी रायफल

३ ऑक्टोबर, शनिवार
सासूबाईंनी आज सासऱ्यांच्या, आर्विडच्या, वस्तू वाटल्या. मेहुण्याला, म्हणजे लाइलला, बोट आणि ट्रॅक्टर. मला चिनी रायफल. लाइल गालातल्या गालात हसत होता. हसू दे. आर्विडने जाण्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं म्हणे, ती रॉजरची, म्हणजे माझी, देऊन टाक. सत्तावीस वर्षं मी त्या माणसाचा जावई. एकदा ‘शाबास’ म्हणाला असेल तर शपथ! आणि शेवटी आपलं युद्धच माझ्या हवाली करून गेला. आर्विड व्हिएतनामला होता. रायफल चिनी. आणखी काय पुरावा हवा?
डोळ्यांत पाणी आलं. बायको, जॅनेल, म्हणाली, सर्दी झालीय का, खोकल्याचं औषध घे.

४ ऑक्टोबर
संकल्प: रायफलीचं मूळ आणि वय शास्त्रशुद्ध ठरवायचं. भावनेला थारा नाही.
डाव्या बाजूला त्रिकोण, त्यात २६. हा कारखान्याचा आकडा. सिरीयल नंबर अकराने सुरू होतो. इंटरनेटवर बंदुकांच्या फोरमवरचे जुने संग्राहक सांगतात, सुरुवातीचा आकडा १९५६ मध्ये मिळवा, साल निघतं. १९६७! आर्विड तिकडे पोचला अडुसष्टमध्ये. रायफलीला चीनमधून जंगलात यायला वेळ लागणारच ना.
जॅनेलला सांगितलं. ती म्हणाली, छान, आता गॅरेज आवर.

६ ऑक्टोबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
मोठा शोध. लाकडी दस्त्याच्या फटीत लाल कण. व्हिएतनामची माती लाल असते. सगळे कण झिपलॉकच्या पिशवीत भरून ठेवले.
शिवाय दस्त्याच्या खालच्या कडेला खाचा. पुष्कळ. ओळीने. काय असतील ते मी इथे लिहीत नाही. सैनिकाला कळतं. जॅनेल म्हणाली, पण बाबा तर ट्रक चालवायचे. म्हटलं, तुला काय माहीत, घरी सगळं सांगतात का?

९ ऑक्टोबर, शुक्रवार
फिश फ्रायला, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला, ड्युएन भेटला. माजी सैनिकांच्या हॉलचा अध्यक्ष. ११ नोव्हेंबरला, सैनिकांच्या दिवशी, रायफल हॉलमध्ये मांडायची आणि मी दोन शब्द बोलायचे, असं ठरवून टाकलं. ड्युएन म्हणाला, युद्धातून आणलेली नक्की ना? कागदपत्रं आहेत? म्हटलं, कागद कशाला, मी आहे ना.
लाइल मागे बसला होता. त्याला ठसका लागला. मासा नीट चावून खात नाही.

१४ ऑक्टोबर
फोरमवर एक शहाणा माझ्या मागे लागलाय. म्हणे, अडुसष्टनंतर बाहेरून विकायला आलेल्या बंदुकीवर आयात करणाऱ्या कंपनीचा शिक्का लागतो. तुझ्या रायफलीवर आहे का? मी कळवलं, कुठेही नाही. तर म्हणे, संगीन उघडून नळीचा खालचा भाग बघितलास का?
संगीन दुमडून नळीखाली बसलीय आणि जुन्या ग्रीसने घट्ट धरलीय. जोर लावला तर उघडेल. पण खरा संग्राहक इतिहासाला खरवडत नाही. तसं लिहिलं. त्याने हसणारा चेहरा पाठवला. अडाणी लोक.

२५ ऑक्टोबर
भाषणाचा कच्चा खर्डा तयार. सुरुवात अशी: ‘आर्विड फार बोलत नसे, पण माझ्याशी त्याचं जमायचं.’
हे खोटं नाही. हरणाच्या हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, जंगलातल्या केबिनमध्ये, तो दरवर्षी न चुकता विचारायचा, काय रॉजर, काय दिसलं? मी सविस्तर सांगायचो. वारा उलटा होता, ऊन डोळ्यांवर येत होतं, लाइल खोकला, एखादं हरीण तर मीच दयेने सोडून दिलं. तो शेवटपर्यंत ऐकायचा. मग चाकू घेऊन आतल्या खोलीत जायचा. भावना चारचौघांत दाखवायच्या नसतात म्हणून.

१० नोव्हेंबर
उद्या. कोट इस्त्रीला. भाषण बरंच लांबलं आहे, पण लोकांना हवंच असतं.

११ नोव्हेंबर, घरी आल्यावर
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
हॉल भरला होता. सासूबाई, एल्वेरा, पहिल्या रांगेत, मांडीवर बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं. लाल मातीची पिशवी मी वर धरली. लाइल उठून म्हणाला, अरे, तो आमच्या गोठ्याच्या भिंतींचा लाल रंग आहे, हंगाम सोडला तर रायफल तिथेच टांगलेली असायची. लोक हसले. मी पुढे बोलत राहिलो.
तेवढ्यात ड्युएनने संगिनीला हात घातला. म्हटलं, इतिहासाला हात लावू नकोस. तो म्हणाला, इतिहासाला थोडं रॉकेल लागतं. चिंधीने पुसलं, एक हिसका दिला, उघडली. नळीखाली ठळक अक्षरांत कंपनीचं नाव, शहर आणि ‘चायना’. ड्युएन म्हणाला, रॉजर, साल तुझं बरोबर आहे, सदुसष्टचीच आहे. पण लढाईतून आणलेल्या बंदुकीवर दुकानदार शिक्का कधी मारतो रे?
मी जॅनेलकडे बघितलं. ती एल्वेराकडे.
एल्वेरा शांतपणे म्हणाली, अठ्ठ्याऐंशीत हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या होत्या ह्यांनी. पिंपात उभ्या करून विकत होते. दोन आणल्या. एक लाइलला, एक जावयाला. तुमच्या लग्नाचं वर्ष. ज्याने आपलं पहिलं हरीण पाडलं त्याला त्याची द्यायची. लाइलला त्याच हिवाळ्यात मिळाली. विकून त्याने बर्फावर पळवायची स्नोमोबाइल घेतली, मेल्याने.
आणि खाचा? मी विचारायला नको होतं.
म्हणाली, तू रिकाम्या हाताने आलास की एक. शेवटी हॉस्पिटलात मला म्हणाले, त्याच्या हातून हरीण पडेपर्यंत मला काही थांबता येणार नाही, देऊन टाक ती रॉजरची.
अख्खा हॉल हसला. लाइलला आधीपासून सगळं माहीत होतं. आईने सांगितलं होतं म्हणे, बोलू नकोस, खूश आहे बिचारा.
कॅसरोल चांगलं झालं होतं. दोनदा घेतलं.

१३ नोव्हेंबर
फोरमवरून नाव काढलं. वेळच नाही.
सारखं एकच मनात येतंय. अठ्ठ्याऐंशीत माझं लग्न झालं, तेव्हा त्या माणसाने माझ्यासाठी रायफल घेऊन ठेवली होती. दुसऱ्या कुणाला दिली नाही, विकली नाही. दरवर्षी वाट बघत बसला. आणि मी त्याला वाऱ्याच्या गोष्टी सांगत बसलो.
जॅनेलने विचारलं, सर्दी का? म्हटलं, नाही.

१८ नोव्हेंबर
संकल्प: यंदा हरीण. याच रायफलीने. वारा, ऊन, लाइल, काहीही चालणार नाही. ग्रीस काढलं, नळी साफ केली, तेल दिलं. सगळी तयारी चोख.

२१ नोव्हेंबर, हंगामाचा पहिला दिवस
हरीण आलं. मोठं, शिंगांचं. एवढं जवळ की श्वासाची वाफ दिसत होती. शांतपणे रायफल उचलली, नेम धरला, चाप ओढला. खट्.
गोळ्या ट्रकमध्ये.

२९ नोव्हेंबर, रविवार, केबिन
त्यानंतर एकही दिसलं नाही.
जेवताना लाइलने विचारलं, काय रॉजर, काय दिसलं? म्हणजे आता हे काम त्याच्याकडे आलंय. मी वाऱ्यापासून सुरुवात केली, मग थांबलो. म्हटलं, दिसलं होतं, गोळ्या ट्रकमध्ये राहिल्या. तो हसला नाही. बीअर पुढे सरकवली.
मग मी चाकू घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि आर्विडच्या शेवटच्या खाचेशेजारी एक खाच मारली.
त्याच्यापेक्षा सरळ आली.